कारचं तेल

सायली : पप्पा, जरा रेस द्या ना. चढ आहे पुलाचा.

पुंडलिक : देऊनच राहिलो, माय. इंजिन बोंबलतंय आन् गाडी जाग्यावरच. बघ, मागं सरायला लागली! उतर, दगड लाव. मागच्या दोन्ही चाकांना लाव.

सायली : लावले. लोक बघतायत, पप्पा.

पुंडलिक : बघू दे की. तीन चाकांची मोटारसायकल रोज थोडीच दिसते त्यांना? पण क्लच असा का घसरावा? प्लेटी तर नव्या हायेत. सायले, परवा तेल तूच बदललं ना?

सायली : हो. जुनं काढलं, नरसाळं लावून नवीन भरलं, तुम्ही करता तसंच. म्हटलं, पुढं लग्न झाल्यावर काय मला हे करायला जमणार नाही...

पुंडलिक : लई ग्वाड केलं. डबा कुठाय?

सायली : घरी असेल.

पुंडलिक : मग डिकीत काय खुळखुळतंय? दे इकडं.

सायली : आपण आधी रिक्षा बघू ना. बिडकीनला प्रणयच्या घरचे जेवायचे थांबलेत.

पुंडलिक : दे म्हणतो ना.

(ती डबा देते.)

पुंडलिक : ह्याच्यावर तर कारचं चित्र हाय. आपल्या गाडीच्या क्लचच्या प्लेटी इंजिनाच्या तेलातच बुडालेल्या असतात, पोरी. त्यांना मोटारसायकलचंच तेल लागतं. कारच्या तेलानं त्या निसटतात, एकमेकींना धरतच नाहीत. दुकानदारानं चुकून दिलं का?

सायली : नाही. मीच मागितलं.

पुंडलिक : तू? का बरं?

सायली : उस्मानपुऱ्यात प्रणय होता सोबत. दुकानदारानं विचारलं, गाडी कोणती? प्रणय माझ्याकडंच बघत होता. त्याला मी आधीच सांगून बसले होते, पप्पांची कार आहे म्हणून. नंतर वाटलं, तेल म्हणजे तेल. काय होणारे?

पुंडलिक : आन् आज त्यांनी ही गाडी दारात बघितल्यावर काय सांगणार होतीस?

सायली : कार गॅरेजला टाकलीय.

पुंडलिक : आन् मी काय म्हणायचं?

सायली : तुम्ही... काहीच बोलू नका म्हणणार होते.

पुंडलिक : माझ्या पायाचं सांगितलं का त्यांना?

सायली : पायाचं सांगितलंय. पोलिओ झाला होता म्हणून.

पुंडलिक : पाय सांगता आला, गाडी नाय आली. असं कसं गं? त्या पायाच्या जागी तर ही गाडी.

सायली : पप्पा, नका ना असं बोलू.

पुंडलिक : लहानपणी टाकीवर बसायचीस. गल्लीतल्या पोरांना झाडाच्या पानांची तिकिटं वाटायचीस, आमच्या विमानात बसा म्हणून. मग सातवीत शाळेच्या अलीकडंच उतरायला लागलीस.

सायली : तुम्हाला कळलं होतं?

पुंडलिक : कळलं होतं. म्हणून तर हॉर्न वाजवायचा सोडला. रडू नको. तोंड पूस, साडी नीट कर. तू रिक्षानं म्होरं जा. सांग, पप्पाला ताप आला.

सायली : आणि तुम्हाला असं पुलावर सोडून जाऊ?

पुंडलिक : कुणीतरी ढकलतं गं. मला सवय हाय. कुणाचा फोन वाजतोय?

सायली : प्रणयचा. पप्पा, तुम्ही घेऊ नका. पप्पा!

पुंडलिक : जय भीम, जावईबापू. पुंडलिक बोलतोय... हां, निघालो होतो, पुलाच्या चढावर अडकलो... नाय, कार नाय. मोटारसायकल हाय, तीन चाकांची. कार कधी नव्हतीच आपल्याकडं... नाय नाय, तिला काय बोलू नका. कार हाय असं सांग म्हणून मीच तिच्या मागं लागलो होतो. मलाच लाज वाटायची ह्या गाडीची.

सायली : पप्पा, फोन द्या इकडं. द्या... प्रणय, ऐक. पप्पांना कधीच लाज वाटली नाही. मला वाटत होती.