दादाचा दिवा आणि अठरावरचा एसी

दुःखाला किती गारवा लागतो, हे मला दादा गेल्यावर कळलं बघा. दादाने जुना विंडो एसी घेतलेला. त्याचा नियम एकच, "सव्वीसच्या खाली उतरायचं नाही, बिल वर चढतं." दादा असताना आमच्या गोडादरा वस्तीतल्या खोलीत कधी न फिरकलेले मामा आता रोज भर दुपारी सांत्वनाला यायचे.

"भाचे, अठरावर कर ना. झोतही इकडे वळव, जीव कासावीस होतोय."

वळवला. मामांशेजारी दादाचा फोटो होता, त्याच्यापुढचा दिवा विझला. आई ओरडली, "अरे, दहा दिवस विझू द्यायचा नसतो!"

मी एसीचा प्लगच उपटला आणि दिवा लावला.

मामा लगेच उठले. "पोरा, आवर आता स्वतःला."

त्यांचं एसीबरोबरच आवरलं होतं.