जास्तीत जास्त किती द्याल?

...आता तुम्हीच सांगा, दुकानदाराने भाव सांगायचा आणि आपण तो पाडायचा, ही जगरहाटी आहे की नाही? मग शेतकरी किती मोजतील याची पाहणी करायला गावात आलेल्या त्या बियाणेवाल्या बाई मलाच का विचारतात, "काका, या सुधारित मक्याच्या पिशवीला तुम्ही जास्तीत जास्त किती द्याल?"

शाळेच्या वर्गात, पोरांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसलोय, बायकोला शेजारच्या वर्गात बसवलंय, आणि बाई समजावतायत, तुम्ही आकडा सांगा, मग डब्यातून चिठ्ठी काढा, चिठ्ठीतला भाव तुमच्या आकड्याहून कमी निघाला तर त्याच भावात पिशवी तुमची, जास्त निघाला तर पिशवी आमच्याकडेच. "म्हणून मनातला खरा आकडा सांगा. घासाघीस नाही."

खरा आकडा... तुम्हाला सांगतो, चार दाणे तळहातावर घेतले आणि मी तिथे उरलोच नाही. पावसाने जरा ओढ दिली की करपणारं आमचं दीड एकर, तिथे मका डोक्याच्या वर गेलाय, पानं पानांना घासून कुजबुजतायत, मी आत शिरलोय, वाट सापडत नाही, आणि सापडूच नये असं वाटतंय... मन म्हणालं, तीनशे. तीनशेसुद्धा कमीच. तोंड म्हणालं, "ऐंशी."

मन एकीकडे, तोंड दुसरीकडे. चाळीस वर्षं बाजार केलेलं तोंड ते, ऐकतंय कशाला?

चिठ्ठी निघाली एकशे दहाची.

"बरं, देतो एकशे दहा."

"आता नाही चालत, काका."

"एकशे वीस घ्या. दीडशे?"

गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि विकणारी नको म्हणतेय, पाहिलंय कुठे असं? मन एकीकडे, तोंड दुसरीकडे, आणि पिशवी तिसरीकडेच.

बाहेर आलो तर बायको पायरीवर, मांडीवर पिशवी.

"तू किती म्हणालीस?"

"अडीचशे. तिथल्या बाई म्हणाल्या खरं सांगा, मी खरं सांगितलं. चिठ्ठी नव्वदची निघाली."

पैसे तिच्या कोंबड्यांच्या अंड्यांचे, मी काय बोलणार? पिशवी तिची, दाणे तिचे. विहिरीजवळच्या तुकड्यात पेरायचं, तेही तिनेच ठरवलं. वाटेत म्हणाली, "अहो, पेरायला याल ना? मजुरी काय घ्याल?"

कानात पानं वाजायला लागली होती... आणि तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा माझं मन आणि माझं तोंड एका सुरात बोललं. आणि बोललं काय, तर "फुकट."