एकवीस खाचांचा दांडा

"मावशी, हे यंत्र एवढ्या फांद्या खातं, तर ढेकर कधी देतं?"

गॅरेजच्या फाटकापाशी मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. शाळेतून परतताना लागलेली, असला प्रश्न विचारून दाखवायची पैज त्यांच्यातल्या एकीने जिंकली होती. पण ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मावशी हसल्या नाहीत.

"वेग चुकला की देतं. विचार या भाऊंना, यंत्र त्यांचंच आहे."

"चुकतोय कुठे? माझ्या ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा मिनिटाला हजार फेरे मारतो. फांद्यांचा भुगा झटपट होईल."

"आणि यंत्रावर काय लिहिलंय?"

"पाचशे चाळीस. लिहिणाऱ्याचं काय जातंय!"

"म्हणून मधे हा जोड बनवून आणलात?"

"मग काय करू? दांड्याला एकवीस खाचा, यंत्राला सहा. बसतच नव्हतं."

"बसू नये म्हणूनच वेगळ्या ठेवल्यात, भाऊ. फांद्या आत कोण सरकवतं?"

"बायको."

"जवळजवळ दुप्पट वेगाने फिरून पातं निखळलं, तर आधी कुणाकडे जाईल?"

भाऊंनी तो जोड मावशींच्या हातात ठेवला.

"सहा खाचांचा दांडा पेटीत पडलाय बहुतेक."

"आणा. बदलून देते. या ट्रॅक्टरला तो बसवला की वेगही पाचशे चाळीसवर येतो."

मैत्रिणी हाका मारून थकल्या, पण दांडा बदलून होईपर्यंत ती जागची हलली नाही.

घरी दप्तरही न उतरवता तिने जाहीर केलं, "आई, बाबा, सुट्टीत मी मावशींच्या गॅरेजात काम शिकणार. त्यांना विचारून आलेय. अट एकच आहे, केस घट्ट बांधून यायचं."