मातीपेक्षा माकड बरं

उचगावच्या बसमध्ये घरी निघालेल्या क्रांतीच्या पुढच्या सीटवर चर्चचे एक म्हातारे पाळक आणि त्यांची नात एस्तेर बसली होती.

"आबा, रागावू नका. मला पीएचडीला प्रवेश मिळालाय. विषय हाय माणसाची उत्क्रांती."

"म्हंजे माकडापास्नं माणूस?"

"तसं न्हाय. दोघांचा पूर्वज एकच."

"आणि देव?"

"देव हाय की! त्यानं सावकाश घडवलं, एवढंच."

"अगं, चाळीस वर्सं चर्चमधी सांगतोय, देवानं मातीपास्नं माणूस केला. मातीपेक्षा माकड बरंच की!"

क्रांतीचा स्टॉप आला, पण त्यांचं बोलणं ऐकण्याच्या नादात ती उठलीच नाही.

"मग रविवारी चर्चमधी सांगू, आबा?"

"तू नगं. मी सांगतो. माझा आवाज मोठा हाय!"

तो अख्ख्या बसनं ऐकला होता.