विमलताईंनी मला बाहेर बसवलं

सन्माननीय अध्यक्ष प्रभाकरजी, व्यासपीठावरचे डॉक्टर आणि पाहुणेमंडळी, आज सेवानिवृत्त होणाऱ्या आमच्या नर्स विमलताई, आणि समोर जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मी देडतलाईचा शालिग्राम. केळी पिकवणारा माणूस, माइकची सवय नाही. ताईंच्या किमो वॉर्डातल्या सेवेचं कौतुक थोरामोठ्यांनी केलंच आहे. मी माझी चूक सांगायला उभा आहे.

माझी पत्नी कोकिळा. खापरावरचे मांडे करावेत तर हिनेच! आमच्याकडे लग्नघरची माणसं आधी हिला विचारतात, मग मांडववाल्याला. हसू नका, खरंच सांगतोय. मागच्या वर्षी तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, किमोचे बारा डोस ठरले. दर डोसाआधी ताई विचारायच्या, "बोटांना मुंग्या येतात? बधिर वाटतात?" आणि उत्तर कोण द्यायचं? मी! "सब ठीक है ताई, डोस चालू ठेवा."

आठव्या डोसाआधी ताईंनी तिच्या बोटांवरचे फोड पाहिले. मला म्हणाल्या, "शालिग्रामभाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा." मला भयंकर राग आला. नवऱ्यालाच बाहेर? पण बसलो. दार अर्धवट उघडं होतं.

ताईंनी तिला स्वेटरचं बटण लावायला सांगितलं. मला दारातून दिसलं, बटण काही केल्या लागेना. मग ती रडायला लागली. "खापराचा चटका बसला, मले समजलंच नाई ताई. सांगतलं असतं तं तुम्ही औषध बंद केलं असतं. मंग ह्यायले कोन सांभाळतं?"

मंडळी, तिच्या बोटांचं मला, रोज शेजारी जेवणाऱ्या माणसाला, ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समजावलं. किमोतल्या एका औषधाने बोटं बधिर होतात, ते पुढे दिलं तर बधिरपणा कायमचा राहू शकतो. ते थांबवून बाकीची चालू ठेवली तर आजार उलटायची भीती थोडी वाढते, किती ते नक्की सांगता येत नाही. मी लगेच म्हणालो, "हात गेले तरी चालतील!" ताई एवढंच बोलल्या, "चालतील की नाही, ते कोकिळाबाई सांगतील. घरी जा, चार दिवस विचार करा."

चार दिवसांनी तिने ते औषध थांबवायला सांगितलं. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्याची आज लाज वाटते.

बाकीचे डोस झाले. बोटं थोडी सुधारली, पूर्ण नाही. तपासणीचा रिपोर्ट मंगळवारी मिळणार आहे, आणि मी घाबरलेलो आहे. आज इथे यायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, "रिपोर्ट काई बी येवो, ठरवलं मी होतं. मागून सोताले दोष देत बसू नका."

ताई, एवढं ठणकावून सांगणारी कोकिळा मी पस्तीस वर्षांत पाहिली नव्हती. ती तुमच्यामुळे पाहिली.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. शेतकरी माणूस आहे, बोलण्यात काही राहिलं, काही जास्त झालं, तर पोटात घाला.