हद्दीपलीकडचं शोरूम

(न्यू मेक्सिको. एका मोटारींच्या शोरूममागचं ऑफिस, संध्याकाळ. म्हातारे मालक ओनोफ्रे माएस्तास आणि त्यांची विधवा सून लोरिंडा. ती शेजारच्या प्वेब्लो या आदिवासी गावची. इथलं सर्व्हिसिंग तीच बघते.)

ओनोफ्रे : म्हणजे खरंय तर. आणि मला कळलं कुणाकडून, तर न्हाव्याकडून! केस कापता कापता विचारतो, सून सोडून चालली म्हणे?

लोरिंडा : आज सांगणारच होते, बाबा.

ओनोफ्रे : चाललीस कुठं, तर त्या विजेच्या गाड्यावाल्यांकडे.

लोरिंडा : त्यांच्याकडे नाही, माझ्या गावाकडे. जमीन आमची, इमारत आमच्या पंचांची. सर्व्हिसिंग तू बघ म्हणाले.

ओनोफ्रे : आणि गाड्या? त्या कंपनीच्याच ना? कंपनीनं गिऱ्हाइकाला थेट गाडी विकायची नाही, मध्ये डीलर हवाच, असा या राज्याचा कायदा. तो टिकावा म्हणून सांता फेच्या विधानभवनात आम्ही उंबरे झिजवले. आणि हे लबाड बघ. राज्याचा कायदा तुमच्या जमिनीवर चालत नाही ना, मग तिथंच जाऊन बसले.

लोरिंडा : आजवर आमच्या हद्दीत जो आला तो काहीतरी घ्यायलाच आला. हे निदान पोरांना काम देतायत.

ओनोफ्रे : आणि माझी गिऱ्हाइकं पळवतायत, ते?

लोरिंडा : तिकडं किंमत एकच, सगळ्यांना सारखी. माझे आजोबा इथं पिकअप घ्यायला आले होते. दिवसभर ताटकळत ठेवलं आणि वर चढं व्याज लावलं.

ओनोफ्रे : ते माझ्या भावानं केलं. म्हणून तर त्याला हाकलला मी.

लोरिंडा : माहितीये. नाहीतर मी इथं पाऊल टाकलं नसतं.

ओनोफ्रे : हा कायदा नुसता माझं पोट भरायला नाही, पोरी. मी ज्यांच्या गाड्या विकतो ती कंपनी म्हणाली, शोरूमच्या जागी काचेचा महाल बांधा नाहीतर चालते व्हा. तेव्हा यानंच तारलं. दामासिओ गेला, तेव्हा मी वारस म्हणून तुझं नाव दिलं. किती नाकं मुरडली त्यांनी! तिला काय कळतं म्हणे. पण सबळ कारण नसेल तर डीलरनं नेमलेला वारस नाकारता येत नाही. बसले गप्प.

लोरिंडा : मला विचारलं होतं तुम्ही?

ओनोफ्रे : त्यात काय विचारायचं? माझ्या मुलाचं ते तुझं.

लोरिंडा : मला त्याच्या खुर्चीत नाही बसवत, बाबा. त्याच्या फोटोखाली बसून बिलं करते, तेच जड जातं.

ओनोफ्रे : कधी बोलली नाहीस.

लोरिंडा : तुम्ही गावभर कौतुकानं सांगत फिरायचात, माझ्यामागं हीच चालवणार म्हणून. मग तोंडच उघडेना.

ओनोफ्रे : उद्या समितीपुढं जायचंय मला. हा कायदाच काढून टाका म्हणतायत काही आमदार. प्वेब्लोच्या जमिनीवर विकतात, तसं सगळीकडं विकू द्या म्हणे. डीलरांच्या वतीनं मी बोलणार आहे.

लोरिंडा : बोला की. तुमचा राग मला कळतो. फक्त माझं नाव घेऊ नका. आमचे पंच समोर बसलेले असतील.

ओनोफ्रे : अगं, सगळं भाषण तुझंच आहे.

लोरिंडा : माझं?

ओनोफ्रे : मग काय आकडे वाचून दाखवू त्यांना? कायदा कशासाठी हवा, तर हिच्यासाठी. दुसरं आहे काय माझ्याकडं?

लोरिंडा : पाठ केलंय?

ओनोफ्रे : आरशासमोर उभं राहून. वेड्यासारखं.

लोरिंडा : मग मला म्हणून दाखवा. आत्ता. उद्या तिथं नको.

ओनोफ्रे : ‘सन्माननीय सदस्यहो, माझा मुलगा गेला. पण मला सून आहे, आणि ती...’ नको, पोरी. पुढचं आता खोटं होईल.