गोळीचा रकाना

– नाही, कापूस असाच दाबून धरा ताई, पाच मिनिटं – मला सगळं पाठ आहे, अकरा वेळा रक्त दिलंय मी. आज? आज नाही घेतलं. हिमोग्लोबिन कमी – म्हणजे, घरी तेच सांगणार आहे. फॉर्मवर रकाना होता, रोज कुठलं औषध घेता का – आणि मी मेली खरं बोलले! एक गोळी आहे, आजार होऊ नये म्हणून आधीच घ्यायची. मला काही झालेलं नाही, लांब सरकू नका. पण ती अंगात असली की आजार असला तरी तपासणीत लपून राहू शकतो म्हणे, आणि ते रक्त ज्याला चढेल त्याचं वाटोळं. पटतं हो मला! समुपदेशक बाईंवर राग नाही माझा.

राग वहिनीचा येतो. उद्या दादाचं दुसरं ऑपरेशन, आणि ही सकाळपासून जिन्यात उभी राहून ऐकवतेय – रक्ताची वेळ आली की जावईबापू बरे गायब होतात! अहो, चार महिन्यांपूर्वी दादाच्या पहिल्या ऑपरेशनला सगळ्यांत आधी हेच झोपले होते त्या खाटेवर. आठवड्याने इथूनच फोन आला – एकटेच या. एचआयव्ही. घ्या, बोलून गेले मी. कुठून, कधी, मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं – हे रडले, मग नाही विचारलं. त्यांचं औषध लागू पडेपर्यंत मला ही गोळी. दादासाठी हात पुढे केला म्हणून कळलं, आणि त्याच दादाच्या घरात हे भित्रे ठरलेत!

आणि मी दीडशहाणी – आज रक्त देता यावं म्हणून आठ दिवस गोळी बंदच ठेवली, म्हटलं जाईल अंगातून निघून. ह्यांना पत्ताच नाही. बाईंनी कपाळाला हात लावला – आठ दिवसांनी काय होतंय, तीन-तीन महिने थांबावं लागतं, आणि नवऱ्याचं असं असताना तेव्हाही चालत नाही! रक्त देणं तर राहिलंच, वर स्वतःला धोक्यात घातलंत, म्हणाल्या. त्या आठ दिवसांत आम्ही – जाऊ दे. आता माझीच तपासणी लावलीय. आज, मग महिन्याने पुन्हा. तुम्हाला काय वाटलं, मी इथे हवा खायला बसलेय?

– आले, आले वहिनी! हो, हिमोग्लोबिन कमी निघालं. – ह्यांना ना, सुट्टी नाही मिळाली. – हो ना. भित्रेच आहेत जरा.

– तुम्ही काय बघताय? बिस्कीट खा.